बर्फाखालची बाग

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲमहर्स्ट या लहानशा गावी १५ मे १८८६ रोजी एमिली डिकिन्सन निवर्तली, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. गावकऱ्यांच्या लेखी ती एका प्रतिष्ठित वकिलाची अविवाहित कन्या होती. गेली सुमारे वीस वर्षे तिने घराचे आवार क्वचितच ओलांडले होते. ती पांढरा पोशाख करी, पाहुण्यांसमोर येत नसे आणि तिच्या हातची फुले मात्र गावातील घराघरांत पोहोचत. कोणाकडे आजारपण असो वा कोणी दगावलेले असो, डिकिन्सनांच्या घरून एक लहानसा पुष्पगुच्छ आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी हमखास येई. ती कविता लिहिते, हे फार थोड्यांना ठाऊक होते. हयातीत तिच्या जेमतेम दहा-एक कविता छापल्या गेल्या, त्याही तिच्या नावाविना. आज सुमारे अठराशे कवितांची ही कवयित्री इंग्रजी साहित्यातील थोरांमध्ये गणली जाते. पण तिच्या हयातीत तिची ओळख होती ती एक निष्णात बागकाम करणारी म्हणून.

एमिलीचा जन्म १० डिसेंबर १८३०चा. गावातील मुख्य रस्त्यावरचे विटांचे घर तिच्या आजोबांनी १८१३च्या सुमारास बांधले होते. ॲमहर्स्ट कॉलेजच्या स्थापनेत त्यांनी आपली मालमत्ता इतकी खर्ची घातली, की पुढे ते घरही कुटुंबाच्या हातून गेले. वडील एडवर्ड हे वकील, कॉलेजचे खजिनदार आणि काही काळ अमेरिकन संसदेचे सदस्य होते. फुलांची आवड मात्र आईकडून आली. ॲमहर्स्टसारख्या थंड गावात अंजिराला फळे आणणारी गृहिणी, अशी आईची ख्याती होती. एमिली, थोरला भाऊ ऑस्टिन आणि धाकटी बहीण लॅव्हिनिया या तिन्ही भावंडांना मातीचे वेड लहानपणीच लागले.

त्या काळी न्यू इंग्लंडमधील शाळांत मुलींना वनस्पतिशास्त्र आवर्जून शिकवले जाई. एमिलीनेही ते मन लावून आत्मसात केले. रानावनांत हिंडून गोळा केलेली फुले आणि पाने दाबून, वाळवून ती एका चामडी बांधणीच्या वहीत चिकटवू लागली. शालेय वयात सिद्ध झालेल्या या संग्रहात ६६ पानांवर ४२४ वनस्पती आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींखाली नेटक्या अक्षरात शास्त्रीय नावाची चिठ्ठी आहे. हा संग्रह आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. पाने इतकी नाजूक झाली आहेत, की अभ्यासकांनाही मूळ वहीऐवजी तिची प्रतिकृती पाहावी लागते. कोणते झाड कोठे, कोणत्या मातीत आणि कोणत्या ऋतूत रुजते, याची जाण तिला अशी मुळापासून आली.

१८५५ साली एडवर्ड डिकिन्सन यांनी वडिलोपार्जित घर पुन्हा विकत घेतले. घराची डागडुजी करताना त्यांनी एक लहानशी काचेची खोली बांधून घेतली. जेमतेम ६ फूट रुंद आणि १७ फूट लांब अशी ही खोली मुख्य घराला लागूनच होती. मुलीची कविता या कडक शिस्तीच्या पित्याला कितपत उमगली, हा प्रश्न आहे. पण तिची झाडे त्याला कळली होती. या काचघराने एमिलीच्या वर्षाला चार नवे महिने दिले.

त्यांचे मोल समजण्यासाठी तेथील हवामान ध्यानात घ्यायला हवे. ॲमहर्स्टला जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा अंशांच्या आसपास उतरतो. जमीन गोठून दगडासारखी होते. वसंतातला अखेरचा दहिवराचा तडाखा मे महिन्याच्या मध्यापर्यंत बसू शकतो, तर सप्टेंबर सरता सरता नवे दहिवर पडू लागते. नाजूक रोपांना उघड्यावर मिळतात ते जेमतेम साडेचार महिने. अशा ठिकाणी बाग म्हणजे कालगणनेचा खेळ असतो. काय लावायचे यापेक्षा केव्हा लावायचे आणि हिवाळा कोठे काढायचा, याचा विचार आधी करावा लागतो.

एमिलीची फुलबाग घराच्या पूर्वेकडील उतारावर होती. फरसबंद पायवाट फुलांच्या वाफ्यांकडे उतरत जाई. हनिसकलच्या वेलींचे मांडव, पलीकडे सफरचंद, पेअर आणि चेरीची झाडे, भाजीचा मळा आणि रस्त्यापलीकडे गवताचे विस्तीर्ण कुरण असा तो परिसर होता. बागेतील झाडांची निवड पाहिली, तर त्यामागचा हिशेब ध्यानी येतो. पिओनी, लिली, जुन्या जातींचे गुलाब, शेवंती ही झाडे हिवाळ्यात वरून सुकून जातात, पण त्यांची मुळे वा खोडे जमिनीत तग धरतात आणि वर्षानुवर्षे पुन्हा फुटतात. स्वीट पी, नॅस्टर्शियमसारखी एका हंगामाची फुले दरवर्षी बियांपासून उभी करावी लागतात. तिसरा वर्ग कंदांचा. क्रोकस, हायसिंथ, डॅफोडिल, ट्युलिप यांचे कंद पानगळीच्या दिवसांत, जमीन गोठण्यापूर्वी पुरावे लागतात.

या कंदांचा स्वभाव विलक्षण आहे. थंडी ही त्यांची गरजच असते. ट्युलिपच्या कंदाला सुमारे तीन महिने गारव्यात काढता आले नाहीत, तर त्याचा दांडा नीट वाढत नाही आणि फूलही धड येत नाही. वर साचलेला बर्फ तर पांघरुणासारखा काम करतो. बर्फाच्या थरात हवा कोंडलेली असते. त्यामुळे बाहेर पारा कितीही घसरला तरी खालच्या मातीचे तापमान फारसे ढळत नाही. बर्फाविना कोरडी थंडी पडली आणि जमीन वारंवार गोठून वितळू लागली, तर मात्र मुळे उखडली जातात. म्हणून तेथील बागांत वाफ्यांवर पालापाचोळा अंथरण्याची रीत आहे.

अशा रीतीने मार्च-एप्रिलमध्ये बर्फातून डोके वर काढणाऱ्या क्रोकसपासून थेट ऑक्टोबरच्या शेवंतीपर्यंत बागेत फुलांची साखळी राही. उन्हाळ्यात जमिनीवर लाल घोंगडी अंथरून, गुडघे टेकून काम करणारी एमिली नातलगांच्या आठवणीत राहिली.

साखळीचा उरलेला भाग काचघरात पुरा होई. दहिवराची चाहूल लागताच नाजूक कुंड्या आत येत. तेथे पूर्वेचे व दक्षिणेचे ऊन पडे आणि घराची ऊब मिळे. जॅस्मिन, हेलिओट्रोप, फ्यूशिया, डॅफ्नी, ऑक्झॅलिस आणि नेचे यांची तेथे दाटी असे. त्यांत गार्डेनियाही होता. महाराष्ट्रात अनंत या नावाने परसदारी सहज फुलणारे हे झाड ॲमहर्स्टला काचेच्या आडच जगू शके. त्याचे एखादे फूल ती अगदी जिवलगांनाच पाठवी. या कुंड्यांसाठी तिच्याकडे लांब, निमुळत्या तोटीची एक छोटी झारी होती, असे तिच्या पुतणीने नमूद केले आहे. भर हिवाळ्यात ती हायसिंथचे कंद आपल्या खोलीच्या खिडक्यांत मांडी. बाहेर कुरणावर बर्फ पसरलेला असताना खिडकीत वसंत उमललेला असे.

ही सारी व्यवस्था १८६४ साली कोलमडली. एमिलीच्या डोळ्यांना दुखणे जडले. उपचारांसाठी तिला बॉस्टनच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागले आणि जवळच्या केंब्रिजमध्ये मावस बहिणींकडे मुक्काम करावा लागला. पहिल्या वर्षी एप्रिलअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, तर दुसऱ्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ती घरापासून दूर होती. म्हणजे लागोपाठ दोन वर्षे बागेचा संपूर्ण हंगाम तिच्या हातून गेला. वाचन जवळपास बंद, लेखनावर निर्बंध आणि डोळे जातात की काय ही धास्ती, अशा अवस्थेत तिचे मन घरच्या झाडांभोवती घुटमळत राहिले. मागे लॅव्हिनियाने ती सांभाळली. १८६५च्या शरदात एमिली परतली, ती पुन्हा गाव सोडून गेली नाही.

याच वर्षांत तिच्या कवितेला बहर आला होता. १८५८ ते १८६४ या काळात तिने आपल्या कविता स्वच्छ हस्ताक्षरात उतरवून, कागद दुमडून, दोऱ्याने शिवून चाळीस छोट्या वह्या तयार केल्या आणि खोलीत ठेवून दिल्या. १८६२ साली तिने थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवून त्यांचे मत विचारले. त्यांनी प्रकाशनाची घाई न करण्याचा सल्ला दिला. ऑगस्ट १८७०मध्ये ते तिला भेटायला आले, तेव्हा परिचयादाखल तिने त्यांच्या हाती डे-लिलीची दोन फुले ठेवली. मधमाशी, दहिवर, कुरण, लवकर उमलून गारठलेले फूल हे तिच्या कवितेतील सारे विश्व बागेतूनच आलेले होते. मृत्यू आणि अमरत्व या तिच्या आवडत्या विषयांचा अनुभवही तिला दरवर्षी वाफ्यांवर मिळत होता.

अखेरची बारा वर्षे वियोगांची होती. १८७४मध्ये वडील गेले, पाठोपाठ आईला पक्षाघात झाला आणि १८८२मध्ये तीही गेली. पुढच्याच वर्षी शेजारच्या घरातला, ऑस्टिनचा आठ वर्षांचा मुलगा गिल्बर्ट तापाने दगावला. त्या धक्क्यातून एमिली पुरती सावरली नाही.

१९ मे १८८६ रोजी तिची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा ॲमहर्स्टला वसंत ऐन भरात होता. लॅव्हिनियाने तिच्या हाती हेलिओट्रोपची फुले ठेवली. घराच्या आवारात काम केलेल्या सहा आयरिश मजुरांनी पांढरी शवपेटिका उचलली. रस्त्याने न जाता ती मागच्या दाराने, बागेतून आणि पिवळ्या बटरकपनी भरलेल्या शेतांतून दफनभूमीकडे नेण्यात आली.

त्यानंतर बहिणीच्या खोलीची आवराआवर करताना लॅव्हिनियाला त्या शिवलेल्या वह्या सापडल्या. एमिलीच्या इच्छेप्रमाणे तिने आलेली पत्रे जाळून टाकली होती. पण कवितांविषयी कोणतीही आज्ञा नव्हती. त्या छापल्या गेल्याच पाहिजेत, असा ध्यास तिने घेतला. हिगिन्सन आणि मेबल लूमिस टॉड यांनी संपादित केलेला पहिला संग्रह १८९०मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर इंडियन पाइप हे पांढरेशुभ्र रानफूल होते. टॉडबाईंनी १८८२मध्ये त्याचे चित्र एमिलीला भेट दिले होते, मात्र दोघींची समोरासमोर भेट कधीच झाली नाही. संपादकांनी ओळींवर बराच हात फिरवला होता. मूळ रूपातील समग्र कविता वाचकांपुढे यायला १९५५ साल उजाडावे लागले.

बागेचे दैव तितके बलवत्तर नव्हते. लॅव्हिनिया १८९९मध्ये गेली. १९१६मध्ये घर विकले गेले आणि काचघर पाडण्यात आले. सुदैवाने त्याच्या जुन्या खिडक्या कोणीतरी जपून ठेवल्या. १९६५मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजने घर विकत घेतले, पुढे तेथे संग्रहालय झाले आणि २०१७ साली त्याच खिडक्या बसवून काचघर मूळ जागी पुन्हा उभे राहिले. एकशे एक वर्षांच्या खंडानंतर, बाहेर बर्फ पडत असताना आत कुंड्या फुलवण्याची सोय त्या घराला पुन्हा लाभली.