हर्ष देणारे आकडे

चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला ते वर्ष १९८२. वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या. या वर्षाचे चार आकडे उतरत्या क्रमाने मांडले की ९८२१, चढत्या क्रमाने १२८९. मोठ्या संख्येतून लहान वजा करा, उरतात ८५३२. तेच पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणखी एकदा केले तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च! आपले जन्मवर्ष घेऊन पाहा. शून्य आले तर तेही आकडा म्हणून धरा. चारही आकडे सारखे नसले की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हाच मुक्काम येतो.

हा मुक्काम शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड होतीच. ठाण्यात शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढचे शिक्षण झाले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये पदवी. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शिकवत राहिले.

शाळा सुटली की मास्तर आकड्यांत रमत. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. ६१७४ ची बेरीज १८. भाग जातो ३४३ वेळा. काही संख्यांना त्यांचेच नाव पडले. १,४२,८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली, की पुन्हा १,४२,८५७!

६१७४ चे गुपित त्यांना १९४६ मध्ये सापडले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. पण पदव्युत्तर पदवी नसलेल्या मास्तरांचे हे काम अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटले. मास्तर पदरच्या पैशाने पुस्तिका छापत राहिले. १९६६ मध्ये पत्नी गेली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात शिकवण्या घ्याव्या लागल्या. तरी आकड्यांची संगत सुटली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. मास्तर सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले.

त्यांच्या शोधाला प्रयोगशाळा लागली नाही, अनुदानही नाही. भामरागडच्या आश्रमशाळेतले मूल असो की चंद्रपूर शहरातले, वजाबाकी येत असेल तर ते ६१७४ पर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचू शकते. आज घरातल्या मुलाला तेवढी वाट दाखवा. उत्तर मात्र आधी सांगू नका.