माता रमाई : कष्टाच्या वर्षातील संसार

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईंची जयंती साजरी करतो. भाषणे होतात, गीते गायिली जातात आणि बहुतेक वेळा एकच चित्र आपल्यासमोर उभे राहते. कृश देहाची, जुनेर नेसलेली, डोळ्यांत पाणी आणून सोसत राहणारी माउली. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. ज्या स्त्रीने इतकी वर्षे एका युगपुरुषाचा संसार पेलला, तिच्या अंगी केवळ सोशिकपणा असून भागले नसते. तेथे कसब लागले असेल, हिशेब लागला असेल, हातांचा उरक लागला असेल. आणि हाताने नीटनेटके केलेल्या कामातून जे समाधान मिळते, त्याचाही आधार लागला असेल. या लेखात रमाईंचे चरित्र त्यांच्या हातांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न करीत आहे.

रमाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळच्या वणंद या गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आई रुक्मिणी. घर गरिबीचे होते. लहान वयातच आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना घेऊन काका आणि मामा मुंबईला आले आणि भायखळ्याच्या बाजाराजवळ राहू लागले. ज्या वयात मुलीने ठिकरीचा डाव मांडायचा, त्या वयात ही रामी धाकट्या भावंडांना सांभाळू लागली. चूल, पाणी आणि पोरांची देखभाल हे तिचे पहिले शिक्षण. त्या काळी आपल्या समाजातील बहुतेक मुलींच्या वाट्याला दुसरी शाळा येत नसे, हे विसरून चालणार नाही.

सुभेदार रामजी आंबेडकरांनी आपल्या भीमरावासाठी ही मुलगी पाहिली. लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची विक्री आटोपल्यानंतर, रात्री लागले. वधू नऊ वर्षांच्या आसपासची होती. बालविवाह ही त्या काळाची रीत होती. रामीची रमाबाई झाली आणि सुभेदारांच्या घरात आली. हे घर शिस्तीचे होते. सुभेदार कबीरपंथी, वाचनाचे भोक्ते, मुलाच्या अभ्यासासाठी वाटेल ते करणारे. पुस्तकासाठी पैसे कमी पडले तर लेकीचा दागिना गहाण टाकून ते पुस्तक आणणाऱ्या या सासऱ्याकडून, घरातील पैसा कशासाठी असतो, याचा पहिला धडा सुनेला मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या एका वर्षाकडे येऊ. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंताचा जन्म झाला. घरात पाळणा हलला आणि दोन महिन्यांच्या आतच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. घराचा आधारवड कोसळला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून भीमराव जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत मागे राहिली ती अवघी पंधरा वर्षांची रमाबाई, कडेवर सात महिन्यांचे मूल आणि भोवती माणसांनी भरलेले घर. थोरले दीर आनंदराव कमावते होते, जाऊबाई लक्ष्मीबाई सोबतीला होत्या. तरीही खाणारी तोंडे अधिक आणि मिळकत तुटपुंजी अशी अवस्था होती.

त्या वर्षात रमाबाईंना कोणते काम करायचे होते, याचा विचार करा. चाळीतील खोलीत पहाटे उठून पाणी भरणे, चूल पेटविणे, धान्य निवडणे, पोराला अंगडे-टोपडे करणे, फाटलेले लुगडे सांधणे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात जो अभ्यास चालला होता, त्याच्या जोडीने परळच्या चाळीत हेही काम अखंड चालू होते. घरची तक्रार तेथवर पोहोचू लागली असती तर त्या अभ्यासात खंड पडला असता. १९१५ साली एम.ए. आणि १९१६ साली जातिसंस्थेवरील तो प्रसिद्ध निबंध ही फळे आपण मोजतो. त्यांच्या मुळाशी घातलेले पाणी मात्र मोजले जात नाही.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये भीमराव परतले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. चांगला पगार सुरू झाला, आता संसाराला बरे दिवस येतील असे कोणत्याही गृहिणीला वाटावे. पण लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यातील पैसा बाजूला टाकायचा होता. घर पूर्वीसारखेच काटकसरीने चालले. महिन्याचे पैसे हाती आले की रमाई त्यांच्या तीस पुड्या बांधून ठेवीत आणि रोज एकच पुडी सोडीत, अशी आठवण आपल्याकडे सांगितली जाते. ज्यांनी कधी तुटपुंज्या पगारात घर चालविले आहे त्यांना या पुड्यांमागचे शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पती अर्थशास्त्राचे पंडित आणि पत्नी शाळेत न जाताही घरच्या अर्थशास्त्रात निष्णात, असे हे दांपत्य होते.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य होते, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले होते. तरीही मुंबईचे घर ओढगस्तीतच राहिले. याच काळाशी गोवऱ्यांची आठवण जोडलेली आहे. रमाई शेण गोळा करीत, गोवऱ्या थापीत, घरच्या चुलीला लावीत आणि उरलेल्या विकीत. परदेशी शिकायला गेलेल्या माणसाची बायको शेण वेचते असे कोणी म्हणू नये म्हणून त्या अंधार असतानाच बाहेर पडत, असे जुनी माणसे सांगत आली.

गोवरी हा शब्द आपल्या नव्या पिढीला केवळ पुस्तकातून माहीत आहे. म्हणून थोडे सांगतो. नुसते शेण थापले तर गोवरी वाळताना तडकते. त्यात भुसा किंवा पाचोळा घालून ते चांगले मळावे लागते. गोळा सारखा हवा, थाप एकसारखी हवी. जाड राहिली तर आतून ओली राहते, पातळ झाली तर उचलताना मोडते. एका बाजूने वाळली की उलटायची, पुरी वाळल्यावर रचून ठेवायची आणि पावसापासून जपायची. एवढे जमले तर ती धूर कमी करते आणि मंद, पुष्कळ वेळ जळते. ज्या कामाला जगाने हीन ठरविले, त्या कामातही इतके ज्ञान आहे. आपल्या आया-आज्यांच्या हातांत ते होते. कोणत्या विद्यापीठाने त्याची नोंद केली नाही, एवढेच.

या वर्षांत दुःखही दाराशी येत राहिले. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढा वाचला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार बाळे हातची गेली. १९२६ च्या जुलैमध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबही पार खचले होते. अशा घरात दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटविणे हे लहानसे काम नव्हे. ज्यांनी असे प्रसंग भोगले आहेत त्यांना ठाऊक आहे की पहिला आधार पुष्कळदा कामच देते. डाळीतला खडा वेचताना मन क्षणभर थांबते. पीठ मळताना हाताला एक लय सापडते. शोक संपत नाही, पण दिवस उभा राहतो.

१९२७ च्या महाडनंतर ते घर चळवळीचे घर झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चहापाणी, कार्यकर्त्यांची जेवणे, रात्री-अपरात्री येणारे निरोप यांचा भार त्याच हातांवर पडला. १९२८ साली मुंबईत महिला मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. स्वयंपाकघरातून सभास्थानापर्यंतचे हे अंतर लहान नव्हते.

आणि धारवाड. या स्मरणिकेत धारवाडचा प्रसंग आल्यावाचून रमाईंचे चरित्र पूर्ण होणार नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीच्या प्रयत्नांतून धारवाडला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले होते. बळवंतराव वराळे त्याची व्यवस्था पाहात. रमाई प्रकृतीसाठी हवापालट म्हणून तेथे काही दिवस राहिल्या. अंगणात खेळणारी मुले पाहून त्यांचे मन रमत असे. चार लेकरे गमावलेल्या आईला त्या अंगणात काय मिळाले असेल, ते शब्दांत सांगणे नको. एके दिवशी अंगण शांत झाले. चौकशी केली तेव्हा कळले की धान्यासाठी येणारा पैसा आलेला नाही आणि मुले उपाशी आहेत. रमाईंनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून वराळ्यांकडे दिल्या, त्या गहाण ठेवून धान्य आणविले आणि मुलांच्या स्वयंपाकाला स्वतः हात लावला. मुले पोटभर जेवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, त्याची आठवण समाजाने आजवर जपली आहे.

या प्रसंगात आपण बांगड्यांविषयी बोलतो, स्वयंपाकाविषयी बोलत नाही. बांगड्या एकदाच देता येतात. भाकरी रोज थापावी लागते.

१९३४ च्या सुमारास कुटुंब दादरच्या राजगृहात राहावयास गेले. मोठे घर झाले, पण शरीर थकले होते. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच रमाईंनी अखेरचा श्वास घेतला. पाच वर्षांनी, १९४० मध्ये, बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. मित्र नसलेल्या, विवंचनेच्या दिवसांत तिने दिलेल्या साथीची कृतज्ञ नोंद त्या अर्पणपत्रिकेत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रमाईंचे नाव घेऊन कोणी आपल्या मुलीला शाळेतून काढून चुलीपुढे बसवीत असेल, तर तो रमाईंचा आणि बाबासाहेबांचाही अवमान आहे. ज्या महापुरुषाने हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपदाचा त्याग केला, त्याच्या घरातील कष्ट हे स्त्रीच्या दास्याचे समर्थन होऊ शकत नाहीत. रमाईंच्या वाट्याला शाळा आली नाही, हा अन्याय होता. त्या अन्यायाच्या आतही त्यांनी आपले काम इतके नेटके केले, ही त्यांची थोरवी. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. घरकाम हलके नाही आणि ते केवळ बाईचे नाही, हा धडा या चरित्रातून मुलांनी आणि मुलींनी सारखाच घ्यायचा आहे.

खेड्यापाड्यांतील आपल्या बायांना हे फार आधी समजले होते. पहाटे जात्यावर दळताना त्यांनी भीमाच्या ओव्या गायिल्या, तशाच रमाईच्याही गायिल्या. दळण जड होते, पीठ दुसऱ्याच्या घरचेही असे. पण गळ्यात ओवी होती. रमाईमध्ये त्यांनी देवी पाहिली नाही. आपल्यासारखेच हात असलेली आपली आई पाहिली.

आपल्या वसतिशाळेत नवीन मूल येते तेव्हा पहिले काही दिवस ते रात्री रडते. पुढे ते स्वतःचे ताट घासू लागते, अंथरुणाची घडी घालू लागते, शर्टाचे बटण लावायला शिकते. एके दिवशी घरून आलेल्या पालकांना ते आपली नीट लावलेली पेटी अभिमानाने उघडून दाखवते. त्या दिवशी ओळखावे की मूल येथे रुजले. हे सुख लहान आहे, पण उसने नाही. कठीण दिवसांत रमाईंना ज्या बळाने उभे ठेवले, त्याचाच तो एक अंश आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या पेट्या आठवाव्यात. पालकांनी घरी मुलगा आणि मुलगी दोघांच्याही हाती झाडू आणि पुस्तक ही दोन्ही द्यावीत.

माता रमाईंच्या श्रमणाऱ्या हातांना विनम्र अभिवादन. जय भीम.