मंडळीच्या दारात लक्ष्मीबाई

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीत एक मध्यमवयीन बाई सलग तीन रविवार उपासनेला आल्या. शेवटच्या बाकावर, दारालगत, पदर सावरून बसत. त्यांच्याजवळ गीतपुस्तक नव्हते, आणि आपल्या हातातले त्यांच्यापुढे करावे असे आम्हांपैकी कोणाला सुचले नाही. पहिल्या रविवारी आशीर्वाद होताच दोघा-तिघांनी त्यांना गाठून नाव, गाव, जात, यजमानांची नोकरी आणि बाप्तिस्मा झाला आहे की नाही, इतके सारे पायरीवरच विचारून घेतले. दुसऱ्या रविवारी कोणी काहीच विचारले नाही. चौथ्या रविवारी त्या आल्या नाहीत. पंचमंडळींत विषय निघाला तेव्हा आम्हीच बोलून गेलो, की ज्याला खरी तहान असते तो विहीर शोधत येतोच. त्या रात्री सहज म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतली, आणि आमचे ते शहाणपणाचे बोलणे आम्हांलाच टोचू लागले.

लक्ष्मीबाईंना आपण कवी टिळकांची पत्नी म्हणून ओळखतो, लेखिका म्हणून ओळखतो. आज आम्ही त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहणार आहोत. मंडळीच्या दाराशी आलेली, पण आत यायला मुळीच तयार नसलेली एक बाई, या दृष्टीने.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही आणि परक्याचा स्पर्श झाला की आंघोळ ठरलेली. ही बाई ज्या घरात वाढली ते घर हे असे होते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. १८८० साली नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळक कवी, वक्ते, संस्कृतचे व्यासंगी, आणि संसाराच्या कामी केवळ भोळे. हाती आलेला पैसा दारी आलेल्या गरजवंताला देऊन मोकळे होत, मनात आले की न सांगता गावोगाव निघून जात. लक्ष्मीबाईंना शाळा कधी मिळाली नव्हती. लिहायला-वाचायला शिकवले ते टिळकांनीच.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांचे बोलणे संस्कृत काव्यावर निघाले, ते धर्मावर आले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते गुंतून राहिले. आम्हांला या भेटीत एक गोष्ट मोठी वाटते. त्या अनोळखी माणसाने आधी टिळकांच्या आवडीचे बोलणे केले. पायरीवरच जात आणि बाप्तिस्मा विचारणाऱ्या आमच्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना आधी कल्पना दिलेली नव्हती. नवरा जिवंत असून गेला, अशी त्यांची अवस्था झाली. पदरी लहानगा दत्तू. पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. लोकांची सहानुभूती आणि लोकांचे टोमणे दोन्ही सोसले, आणि देहभान हरपावे इतके दुःख केले. आपण ख्रिस्ती लोक टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आनंदाने सांगतो, सांगावी. पण त्याच तारखेला एका घरात काय झाले, तेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. ते वगळून सांगितलेली साक्ष अर्धी असते, असे आमचे मत आहे.

टिळक अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात राहिले. पत्नीला ते पत्रे लिहीत, भेटायला जात. पुन्हा लग्न करण्याचा विचार त्यांनी केला नाही. चार-पाच वर्षे अशी गेली, आणि अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नवऱ्याच्या गावी आल्या. मात्र आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. धर्म आपला राहील, चूल आपली राहील, पाणी आपले राहील, अशा बोलीने आल्या. टिळकांनी ते मान्य केले. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, असा तो संसार सुरू झाला. टिळकांनी बळजबरी केली नाही. स्वभावाने तापट माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी विलक्षण धीर धरला.

इथे थोडे थांबू या, कारण सांगणाऱ्यांच्या हातून नेहमी निसटते ती बाब इथेच आहे. नगरला मिशनचे काम १८३१ पासून चाललेले होते. तिथल्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजातून आलेली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना विहिरीवर चढू दिले नव्हते, त्यांच्याच वस्तीत आता एक ब्राह्मण बाई येऊन राहिली होती, आणि तीही त्यांच्या हातचे पाणी न पिता! पाहुणचार करणाऱ्याचा यापेक्षा मोठा अपमान कोणता? तरीही त्या बाईला तिथे राहता आले. तिच्याशी लोक बोलले, तिच्या दारावरून गेले-आले, आणि ती आपली चूल सांभाळत राहिली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने खाण्यापिण्याच्या बाबतीत ज्याचे मन अजून अडखळते त्याच्याशी कसे वागावे हे सांगितले आहे. त्या अध्यायावर आम्ही पदविकेच्या परीक्षेत पाने भरून उत्तर लिहिले होते. नगरच्या त्या घरांनी तो अध्याय परीक्षा न देता पार पाडला. टिळकांचा धीर पुस्तकांत नोंदला गेला. त्या शेजाऱ्यांच्या धीराला नाव मिळाले नाही.

आणि मनाला बोचणारा एक प्रश्न उरतोच, तोही आम्ही लपवत नाही. हेच सोवळे सोडून बाकी सारे तसेच असलेली एखादी गरीब मांगीण त्याच साली नगरला आली असती, तर तिच्यासाठी एवढा धीर कोणी धरला असता का? १८९९-१९०० च्या दुष्काळात किती अनाथ पोरे आणि निराधार बाया मिशनांच्या दारी आल्या. त्यांतल्या कितीजणींना विचार करायला सवड मिळाली आणि कितीजणींना नुसती रांग मिळाली? याकोबाच्या पत्रातला तो सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आणि तो मळक्या वस्त्रांतला गरीब आमच्याही मंडळीत दर महिन्याला येतात. बदलीवर आलेला बँकेचा अधिकारी आला तर पाळकसाहेब स्वतः दारापर्यंत जातात. बाकीचे आम्ही वर सांगितलेच आहे.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. त्यांचे मन कोणत्या व्याख्यानाने पालटले नाही. त्या पाहत होत्या, तोलत होत्या. टिळकांकडून ख्रिस्ताविषयी ऐकत होत्या, आणि बाई मुळात तल्लख. शेवटी एक विचार त्यांच्या मनात आला आणि हलेना: माणसे देवाने निर्माण केली, जाती त्याने केल्या असतील असे दिसत नाही, त्या माणसांनीच केल्या असल्या पाहिजेत. हे एकदा पटल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवले आणि तसे केले. ज्या घरात वाणसामानसुद्धा धुतले जाई त्या घरच्या मुलीने हे केले, म्हणून किल्ली ध्यानात ठेवा असे आम्ही आरंभी म्हटले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नीट पाहिले तर शिवाशिव आधी गेली आणि बाप्तिस्मा मागून आला. आपल्याकडे बरेचदा उलटे घडते. बाप्तिस्मा पहिल्या वर्षी होतो आणि जात तिसऱ्या पिढीपर्यंत, लग्नाच्या बोलणीत, निघत राहते.

यापुढचे त्यांचे घर म्हणजे नव्या माणसांची धर्मशाळाच. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पगार बेताचा, आणि टिळक कुठून ना कुठून एखादे पोरके मूल, एखादा विद्यार्थी घरी आणणार. भाकऱ्या थापायच्या लक्ष्मीबाईंनी! त्या चिडत, भांडत, आणि ताट वाढत. आपले चिडणेही त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त हसत हसत लिहून ठेवले आहे, म्हणून तर ते पुस्तक खरे वाटते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा मुलगा पुढे आला आणि ‘बालकवी’ ठरला. हा ठोमरे पुढे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. तो हिंदूच राहिला, १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेला तोवर हिंदूच होता. त्या घरात जेवायला बसण्यासाठी त्याला काही व्हावे लागले नाही. जी बाई एके काळी आपले पाणी वेगळे ठेवून राहिली, तिला दुसऱ्याचे वेगळेपण कसे सांभाळावे हे शिकवायची गरज नव्हती.

टिळकांनी गाण्याच्या वाटेनेही दार उघडले. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीपासून होते, तो मान कृष्णराव सांगळ्यांचा. पण अभंग, ओवी, भजन यांनी उपासनेला मराठी घराचे वळण दिले ते टिळकांनी. नव्या माणसाला आपले सूर कानी पडले की तो निम्मा घरचा होतो. हैदराबादेत काय, इंदुरात काय, बेळगावात काय, मुलखापासून दूर पडलेल्या आमच्या मंडळ्यांत हे रोज अनुभवास येते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. ख्रिस्ताला मानणारे पण बाप्तिस्मा न घेतलेले लोकही त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा. पुष्कळांना ते रुचले नाही, आणि त्यावर आजही वाद होऊ शकेल. बाप्तिस्म्याची आज्ञा प्रभूचीच आहे, ती सैल करावी असे आमचेही म्हणणे नाही. परंतु बाप्तिस्म्याआधीच्या वर्षांत माणसाने बसायचे कुठे, हा टिळकांचा प्रश्न होता, आणि तो त्यांना स्वतःच्या घरातूनच पडला असावा असे आम्हांस वाटते. दरबार पुरता भरण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते, पण त्यांच्या हातून थोडेच अध्याय झाले होते. ज्या बाईला अक्षरे त्यांनी गिरवायला शिकवली, तिने ते काव्य हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. ज्या नावामुळे तिचा संसार एकदा मोडला, त्याच प्रभूचे चरित्र ती उतारवयात ओवीत गुंफत बसली होती. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने निघाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

आमच्या मंडळीत आता दारालगतच्या बाकावर दोन जादा गीतपुस्तके ठेवलेली असतात. त्या बाई अजून आलेल्या नाहीत. त्यांचे घर कोठे ते आमच्या महिला मंडळातील एका भगिनींना ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींना बरोबर घेऊन त्या जाणार आहेत, आणि जात-बाप्तिस्मा यांतले काही विचारायचे नाही, चहा दिला तर घ्यायचा, न दिला तर तसेच बसायचे, एवढे दोघींनी ठरवले आहे.