ईश्वरचंद्र विद्यासागर : रूढी, शास्त्र आणि कायदा

एकोणिसाव्या शतकात बंगालमधील उच्चवर्णीय हिंदू समाजात मुलींचे विवाह फार लहान वयात होत. पती वारला, की अजाण बालिकेलाही जन्मभर वैधव्य भोगावे लागे. १८२९ मध्ये सतीची चाल कायद्याने बंद झाली. विधवेचा जीव वाचला. परंतु तिच्या वाट्याला आलेले उपास-तापास, उपेक्षा आणि परावलंबन संपले नाही. या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले थोर पुरुष म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागर.

ईश्वरचंद्रांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बीरसिंह या खेड्यात एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील ठाकुरदास बंद्योपाध्याय कोलकात्यात तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत. त्यांनी मुलाला तेथील संस्कृत कॉलेजात घातले. ईश्वरचंद्रांनी काव्य, वेदान्त, धर्मशास्त्र अशा अनेक विषयांत प्रावीण्य मिळवले. ‘विद्यासागर’ ही पदवी त्यांना इतकी शोभली, की तेच त्यांचे नाव झाले. पुढे १८५१ मध्ये ते त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले आणि काही ठरावीक जातींपुरते मर्यादित असलेले त्याचे दरवाजे त्यांनी इतरांनाही खुले केले. १८५५ मध्ये त्यांनी ‘वर्णपरिचय’ हे पुस्तक लिहिले. बंगालमधील असंख्य मुले त्यातून अक्षरे शिकली.

विधवांचे दुःख त्यांना अस्वस्थ करी. मात्र केवळ दयेच्या आवाहनाने रूढी हलणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. लोक ती शास्त्राची आज्ञा समजून पाळत होते. म्हणून विद्यासागरांनी शास्त्राचाच आधार शोधला. पराशरस्मृतीत विशिष्ट परिस्थितीत स्त्रीच्या पुनर्विवाहास अनुमती आहे, असे त्यांनी १८५५ मध्ये पुस्तिका लिहून प्रतिपादन केले. समाजात मोठे वादळ उठले. त्यांनी सुमारे एक हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. विरोधकांच्या अर्जावर तीस हजारांहून अधिक सह्या होत्या. तरीही जुलै १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा संमत झाला.

७ डिसेंबर १८५६ रोजी कोलकात्यात श्रीशचंद्र विद्यारत्न आणि बालविधवा कालीमती यांचा विवाह पार पडला. पण कायद्याने परवानगी दिली, धैर्य दिले नाही. पुनर्विवाह करणाऱ्यास आप्त दुरावण्याची, जात वाळीत टाकण्याची धास्ती असे. शिवाय पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने संपत असे. पाठिंब्याची वचने देणारे अनेक जण ऐन वेळी मागे सरले. विद्यासागर मात्र अशा विवाहांचा खर्च स्वतः सोसून कर्जबाजारी झाले. १८७० मध्ये त्यांचा मुलगा नारायणचंद्र याने एका विधवेशी विवाह केला, तेव्हा नातलगांच्या नाराजीला न जुमानता त्यांनी त्याचे स्वागत केले.

त्यांच्या विचारांचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. विष्णुशास्त्री पंडित यांनी त्यांचा विधवाविवाहावरील ग्रंथ मराठीत आणला आणि स्वतःही एका विधवेशी विवाह केला.

२९ जुलै १८९१ रोजी विद्यासागरांचे निधन झाले. तोवर या कायद्याखाली झालेले विवाह थोडेच होते. कायदा कागदावर एका दिवसात येतो. मनातील भीती जाण्यास पिढ्या लागतात. ती भीती झुगारण्याचा आरंभ विद्यासागरांनी स्वतःच्या घरापासून केला.