विश्लेषण : प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेंचा मृत्यू, नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी त्यात कोणता धडा?

सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ मधली पुण्यातील मुलींची शाळा आठवते. ३ जानेवारीला त्यांची जयंती शाळाशाळांत साजरी होते. पण त्यांचा मृत्यू कसा झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना त्याच रोगाचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी त्या गेल्या. धारणी-चिखलदऱ्यातून अमरावती किंवा अकोल्याला एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग शिकायला जाणाऱ्या मुलींनी ही घटना नीट समजून घ्यायला हवी. सेवा करणाऱ्याला संसर्ग कसा होतो आणि तो कसा टाळायचा, हा त्यांच्या अभ्यासक्रमातला पायाभूत विषय आहे.

सावित्रीबाई सेवाकार्याकडे कशा वळल्या?

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये जोतिराव फुले यांच्याशी विवाह झाला. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या, शिक्षिका झाल्या.

त्यांचे काम शाळेपुरते राहिले नाही. १८६३ मध्ये फुले दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणूक झालेल्या विधवांना तिथे सुरक्षित बाळंत होता येत असे. त्यांची काळजी सावित्रीबाई घेत. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर त्या अन्नछत्रांच्या कामात होत्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालवले. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

१८९७ मध्ये नेमके काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. घरोघरी झडत्या आणि सक्तीने हलवणे यामुळे लोकांना रोगाइतकीच सरकारी माणसांची धास्ती वाटू लागली. रुग्ण लपवले जाऊ लागले.

अशा वेळी सावित्रीबाईंनी डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उभा राहिला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्यातील दलित वस्तीत गायकवाड कुटुंबातल्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, असे चरित्रकार सांगतात. याच सेवेत त्यांना लागण झाली.

तेव्हा प्लेगबद्दल किती माहिती होती?

फारच थोडी. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे स्पष्ट नव्हते. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभराने. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती, पण ती नुकतीच तयार झाली होती. प्रतिजैविके तर अजून कित्येक दशके दूर होती.

उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये तर जवळपास सगळेच. आज वेळेत प्रतिजैविके दिली तर रुग्ण वाचू शकतो.

सेवा करणाऱ्याला लागण कशी होते?

प्लेगमध्ये दोन मुख्य वाटा आहेत. पहिली, रुग्णाच्या घरातल्या, कपड्यांतल्या किंवा अंथरुणातल्या पिसवा चावणे. दुसरी, फुफ्फुसाचा प्लेग झालेल्या रुग्णाच्या खोकल्यातून उडणारे थेंब. रुग्णाला पाठीवर घेतले की दोन्ही वाटा मोकळ्या होतात.

नर्सिंगमध्ये हेच संसर्गाची साखळी म्हणून शिकवतात. तिच्या सहा कड्या आहेत : जंतू, त्याचे आश्रयस्थान, बाहेर पडण्याची वाट, पसरण्याचा मार्ग, शरीरात शिरण्याची वाट आणि लागण होऊ शकणारी व्यक्ती. यातली एक कडी तुटली की साखळी थांबते.

माळावरच्या दवाखान्याने एक कडी कमकुवत केली होती. दाट वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत रुग्ण ठेवणे म्हणजे विलगीकरणच. पण रुग्णाला हात लावणाऱ्या, उचलून आणणाऱ्या माणसासाठी तेव्हा काहीच संरक्षण नव्हते.

आज विद्यार्थिनीच्या हातात काय आहे?

प्रत्येक रुग्णाकडे, निदान काहीही असो, संसर्ग असू शकतो असे धरून वागणे, याला प्रमाणित खबरदारी म्हणतात. तिच्या मुख्य गोष्टी अशा :

• हातांची स्वच्छता, पाच वेळा : रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त किंवा स्रावांशी संपर्काचा धोका आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणे टळत नाही.

• पीपीईचा क्रम : घालताना गाऊन, मास्क, गॉगल, शेवटी ग्लोव्हज. काढताना आधी ग्लोव्हज, मग गॉगल, गाऊन, शेवटी मास्क आणि लगेच हातांची स्वच्छता. लागण होण्याचा धोका काढताना जास्त असतो.

• सुई : वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. ती थेट न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध गरज असल्यास शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते.

• कचरा : रक्ताने माखलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइन सेट, कॅथेटर यांसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात, काचेच्या वस्तू निळ्या खुणेच्या खोक्यात.

• लस : वॉर्डात जाण्याआधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण असावेत.

क्षयरोगासारखा हवेतून पसरणारा आजार असेल तर याशिवाय एन-९५ मास्क आणि खेळती हवा लागते.

धारणीत हे का महत्त्वाचे?

धारणीहून अमरावतीला रुग्ण रेफर झाला की घाट ओलांडून काही तासांचा प्रवास असतो. रुग्णवाहिकेत खोकणारा रुग्ण, त्याचा नातेवाईक आणि सोबत नर्स, सगळे हातभर अंतरावर. मुंढव्याहून दवाखान्यापर्यंतच्या त्या वाटेसारखीच ही स्थिती. फरक इतकाच की आता काय करायचे ते ठाऊक आहे. रुग्णाला सोसवत असेल तर त्याच्या तोंडावर साधा मास्क, नर्सला एन-९५, खिडक्या उघड्या, हँडरबची बाटली हाताशी आणि प्रवासानंतर स्ट्रेचर व हाताळलेल्या जागांचे निर्जंतुकीकरण.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींपुढे सावित्रीबाईंचे उदाहरण नेहमी त्याग म्हणून ठेवले जाते. तो त्याग होताच. पण त्यांच्याकडे मास्क, ग्लोव्हज, प्रतिजैविके नव्हती, रोग कसा पसरतो याचे ज्ञानही नव्हते. आज हे सगळे उपलब्ध असताना विद्यार्थिनीला साध्या ग्लोव्हजविना ड्रेसिंग करायला लावणे ही सेवा नव्हे, हेळसांड आहे. शिवाय आजारी पडलेली नर्स संसर्ग पुढच्या खाटेवर आणि स्वतःच्या घरी नेऊ शकते.

त्यामुळे वॉर्डात साहित्य संपले असेल तर इन्चार्ज सिस्टरकडे ते मागायला विद्यार्थिनीने संकोचू नये. मास्क मागणे हा भित्रेपणा नाही, तो कामाचाच भाग आहे.