पावसात थांबणारा भटक्या : गो. नी. दांडेकर

'ट्रेकिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शनिवारी रात्रीची शेवटची लोकल, पाठीवर सॅक, सॅकवर पिवळं रेनकव्हर, मॅगीची पाकिटं आणि रविवारी रात्री परत आल्यावर सोमवारच्या सबमिशनचं टेन्शन! आमच्या होस्टेलवरच्या प्रत्येकीच्या खात्यावर असे चार-पाच ट्रेक तरी जमा आहेतच. पण मराठी मुलामुलींना हा नाद लावणाऱ्यांत ज्याचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागेल, तो माणूस आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हता. उरलेल्या निम्म्यांना तो अभिनेत्री मृणाल कुलकर्णी यांचे आजोबा म्हणून माहीत होता.

त्यांचं नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. वाचकांचे गोनीदा, जवळच्यांचे आप्पा.

मी त्यांच्यापर्यंत कशी पोचले हे सांगायला आधी माझ्या गावाबद्दल सांगावं लागेल. मी इनामगावची. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. घोड उगम पावते ती भीमाशंकरच्या उत्तरेला, सह्याद्रीच्या ऐन जंगलात. पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिने जंगलही मागे टाकलेलं असतं आणि पाऊसही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशेच्या आसपास. मे महिन्यात दुपार कलली की आभाळ काळंभोर होतं, वावटळ सुटते, पत्रे उडतात, विजा कडाडतात आणि पंधरा मिनिटांत वळीव संपतो. कधी कधी नुसती धूळच.

आमचं गाव पुस्तकात आहे ते उत्खननामुळे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती खणून काढली. त्या लोकांनी बांध घातला होता, पाण्यासाठी कालवाही खणला होता. मी सिव्हिलची, त्यामुळे याचा मला कोण अभिमान! पण तिथली दुसरी एक गोष्ट जास्त लक्षात राहते. मोठी माणसं पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली सापडली. मेलेल्याने उठून भटकू नये म्हणून असं करत असावेत, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे भटकणाऱ्याची इतकी धास्ती घेणाऱ्या गावातली मी, आणि नाद लागला तो आयुष्यभर भटकलेल्या माणसाचा!

त्यात माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड. त्यामुळे डॅफोडिल्स न बघता त्यांच्यावरची कविता पाठ, पण करवंदीला फुलं कधी येतात ते ठाऊक नाही. गोनीदांची पुस्तकं मी कॉलेजात आल्यावर वाचायला घेतली तेव्हा पहिली वीस पानं अक्षरश: बोट ठेवून वाचत होते.

८ जुलै १९१६ ला अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला त्यांचा जन्म झाला. परतवाडा म्हणजे सातपुड्याचा पायथा. वर बघितलं की चिखलदऱ्याचे डोंगर आणि मेळघाटचं रान. पुढच्या आयुष्याची चुणूक तिथेच होती असं म्हणायचा मोह होतो, पण चरित्रं लिहिताना आपण सगळेच असं मागाहून जुळवतो, म्हणून ते राहू दे. खरी गोष्ट एवढीच, की सातवीत असताना शाळा सुटली आणि वयाच्या तेराव्या वर्षी हा मुलगा घर सोडून गेला. तो स्वातंत्र्याच्या चळवळीचा काळ. मिठाच्या सत्याग्रहाने सगळा देश ढवळून निघत होता आणि घरं सोडणारी ती काही एकटीदुकटी पोरं नव्हती.

आजच्या भाषेत ड्रॉपआउट. आपल्याकडे ड्रॉपआउटची गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे : कॉलेज सोडलं, गॅरेजात कंपनी काढली, करोडपती झाला. गोनीदांच्या बाबतीत पुढे कितीतरी वर्षं काहीच झालं नाही. अंगावरचे कपडे, पायाखालची वाट आणि दुसऱ्याच्या दारातली भाकरी. मला त्यांचं घर सोडणं थोर वगैरे वाटत नाही. तेरा वर्षांचा पोरगा निघून गेल्यावर घरात काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पण शाळेने जे दिलं नसतं ते त्यांनी या वर्षांत मिळवलं, हेही नाकारता येत नाही.

त्यांना गुरू भेटले तेही कसे, तर गाडगे महाराज! तेही अमरावती जिल्ह्यातलेच. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि मडकं, एवढाच सरंजाम. गावात शिरायचं, आधी गाव झाडून काढायचं, रात्री कीर्तन करायचं आणि पुढच्या गावाला चालू लागायचं. साठ लिटरची सॅक भरताना कुठली वस्तू काढू यावरून आपण भांडतो, तेव्हा मला ते मडकं आठवतं. गोनीदा त्यांच्याबरोबर हिंडले, त्यांचं काम केलं. ज्ञानेश्वरीचा आणि वेदान्ताचा अभ्यासही त्यांनी असाच, जिथे शिकवणारा भेटेल तिथे केला.

आणि मग नर्मदा परिक्रमा. ती कशी असते ते थोडं सांगायला हवं. नर्मदा अमरकंटकला निघते आणि तेराशे किलोमीटर वाहून भडोचजवळ समुद्राला मिळते. परिक्रमावासी एका तीरावरून जातो आणि दुसऱ्या तीरावरून परत येतो. म्हणजे साधारण सव्वीसशे किलोमीटर, पायी. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये ओलांडायची नाही. जवळ पैसा ठेवायचा नाही, मिळेल ते खायचं. वाटेत सातपुड्याची आणि विंध्याची रानं. त्यातही शूलपाणीच्या झाडीची मोठी दहशत, कारण तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला लुटून अंगावरच्या लंगोटीनिशी सोडतात अशी ख्याती होती. (आज त्या झाडीचा बराच भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे.)

या सगळ्या नियमांत मला सर्वांत आवडलेला नियम पावसाचा आहे. आषाढात पाऊस लागला की परिक्रमावासीने चालणं थांबवायचं. चातुर्मासाचे चार महिने एका गावात मुक्काम. यामागे धर्म आहे तसा सरळ व्यवहारही आहे. ओढ्यांना पूर येतात, वाटा वाहून जातात, रानात ताप असतो. पण त्याचा परिणाम असा होतो, की चालणाऱ्याला चार महिने लोकांत राहावं लागतं. त्यांच्या ओसरीवर झोपायचं, त्यांची भांडणं ऐकायची, त्यांच्या पेरणीची काळजी आपली म्हणून करायची. या परिक्रमेतून पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली. ती वाचताना मला वाटलं, हा माणूस चालायला शिकला त्याहून थांबायला जास्त शिकला.

स्वातंत्र्यानंतर गोनीदा तळेगाव दाभाड्याला स्थायिक झाले आणि नुसत्या लेखणीवर संसार करायचं ठरवलं. डिग्री नाही, नोकरी नाही, आणि मराठी पुस्तकांवर घर चालवायचं! प्लेसमेंट सेलला विचारून बघा, काय म्हणतात ते. तळेगावहून मावळातले किल्ले हाकेच्या अंतरावर. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची. मग पुढे राजगड, रायगड. पुन्हा पुन्हा त्याच गडांवर जाणं, कॅमेरा गळ्यात, आणि बरोबर तरुण मुलांचा घोळका. 'दुर्गभ्रमणगाथा' याच हिंडण्यावर आहे. पण त्यांचे गड रिकामे नसतात. प्रत्येक माचीवर एखादं घर असतं, घरात माणसं असतात, गोठ्यात म्हैस असते.

'माचीवरला बुधा' राजमाचीवरची. बुधा हा म्हातारा मुंबई सोडून माचीवर परत येतो आणि तिथल्या झाडांत, जनावरांत आपलं उरलेलं आयुष्य काढतो. एवढीच गोष्ट. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला प्रश्न पडला होता, की यात घडतं काय?

मागच्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आठ जणी लोणावळ्याहून चालत राजमाचीला गेलो. हल्ली त्या दिवसांत काजवे बघायला इतकी गर्दी होते की काजव्यांपेक्षा मोबाइलचे टॉर्च जास्त. आम्ही मुद्दाम आडवारी गेलो होतो. चार वाजता उल्हासच्या दरीतून ढग वर चढायला लागले. सकाळपासून तापलेले कडे, समुद्रावरून आलेली दमट हवा, ती वर जाऊन गार होणार आणि फुटणार. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात मी हे लिहून आले आहे. पण श्रीवर्धनच्या वाटेवर उभं राहून बघताना पेपर आठवत नाही. आधी वारा पूर्ण पडला. मग पाखरं गप्प झाली. मग एकदम अशी गार झुळूक आली, की अंगावर काटा!

विजा चमकत असताना बुरुजावर थांबायचं नाही आणि एकट्या झाडाखाली तर नाहीच, हे आम्हाला माहीत होतं. तिथूनच माघारी फिरून उधेवाडीत उतरलो. एका घरातल्या मावशींनी आम्हाला हाका मारूनच आत घेतलं. पुढचे दोन तास गारांचा आणि पावसाचा असा मारा चालला, की कौलांखाली एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. मावशींचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या गळतं कुठे ते बघत होत्या. एक कोपरा अजून शाकारायचा राहिला होता. पडवीत लाकूडफाटा छतापर्यंत रचलेला, गोवऱ्या झाकून ठेवलेल्या, भाताचं बियाणं वर टांगलेलं. चार महिने लोणावळ्याची वाट चिखलात जाते, तेव्हा आजारपण आलं तर काय करायचं याचा हिशेब त्या सहज बोलता बोलता सांगत होत्या. आमच्यासाठी जी रोमँटिक सर होती ती त्यांच्यासाठी तयारीची शेवटची मुदत होती. बुधाच्या गोष्टीत काय घडतं, ते मला तिथे त्या जमिनीवर बसून कळलं. पाऊस नसता तर आम्ही बालेकिल्ला करून, फोटो काढून खाली उतरलोही असतो.

गोनीदांचं लिहिणं सगळं असं थांबून ऐकलेलं आहे. 'पडघवली'त कोकणातल्या घरातली बोली, 'पूर्णामायची लेकरं'मध्ये वऱ्हाडी, 'पवनाकाठचा धोंडी'त मावळातली. कातकरी, ठाकर, धनगर यांच्यात राहिल्याशिवाय हे जमत नाही. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवरची 'जैत रे जैत' बहुतेकांना माहीत असते ती जब्बार पटेलांच्या १९७७ च्या सिनेमामुळे, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्यामुळे. गाणी सगळ्यांना पाठ, कादंबरी कुणी वाचलेली नाही! सन्मानांचं म्हणाल तर 'स्मरणगाथा'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८१ ला अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. सातवीत शाळा सुटलेला मुलगा वऱ्हाडात अध्यक्ष म्हणून परत आला.

आता आपल्या ब्रँचसाठी खास. गोनीदांनी धरणावर कादंबरी लिहिली आहे! 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही सतलजवरच्या भाक्रा धरणाच्या बांधकामावर आहे. २२६ मीटर उंचीचं ते काँक्रीटचं धरण १९६३ ला पुरं झालं. आम्हाला ते ग्रॅव्हिटी डॅमच्या धड्यात एका आकृतीपुरतं येतं. गोनीदांना तिथे घाम गाळणारी माणसं दिसली आणि त्यांना त्यांनी भगीरथ म्हटलं. रानातल्या झोपडीवर जीव असलेला हा माणूस यंत्रांचा तिरस्कार करत असेल असं मला वाटलं होतं, पण तसं नाही.

मात्र इथेच माझा गुंता होतो. ज्या पवनेच्या काठी त्यांचा धोंडी राहतो, त्या पवनेवर पुढे धरण झालं आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. आमच्या घोडवरही तेच. वर डिंभ्याला धरण आहे. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव त्या धरणात बुडालं. आणि घोडचंच अडवलेलं पाणी आज शिरूरच्या बाजूला उसात खेळतं. आमची आजी सांगते, तिच्या लहानपणी पाण्यासाठी नदीपात्रात झरे उकरायला लागायचे. म्हणजे माझी फी ज्या उसातून आली, त्याच्या पाण्याखाली कुणाची तरी माची आहे. भगीरथाचे पुत्रही खरे आणि धोंडीही खरा. एकाच लेखकाने दोन्ही लिहिलं आणि कुणालाही खोटं पाडलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

१ जून १९९८ ला पुण्यात गोनीदा गेले. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यानंतर त्यांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी घरच्या मंडळींना घेऊन त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन ठिकठिकाणी केलं. हे लिखाण कानाने वाचायचं आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं. मीही दिवाळीच्या सुट्टीत इनामगावला आजीला 'पवनाकाठचा धोंडी' मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या कॉन्व्हेंटी उच्चारांवर ती पोट धरून हसली, मग पुस्तकातले शब्द आपल्या तोंडाने नीट म्हणून दाखवायला लागली. रोज दहा-बारा पानांवर जायचोच नाही, कारण प्रत्येक पानावर तिला तिची स्वतःची एक गोष्ट आठवायची.

येत्या मेमध्ये इंटर्नशिपसाठी दोन ठिकाणं हातात आहेत. एक हिंजवडीतल्या एसी ऑफिसातलं, सर्टिफिकेटला वजन असलेलं. दुसरं डिंभ्याच्या वरच्या अंगाला सर्व्हेचं, जिथे रेंज येत नाही आणि मुक्काम कुणाच्या तरी पडवीत. पप्पांचं मत पहिल्याला आहे. मी फॉर्म दुसऱ्याचा भरला आहे, आणि आजीने आत्तापासूनच एक घोंगडी उन्हात घालून ठेवली आहे.