खिडकीतला दिवा

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नीलँडच्या प्रवेशद्वारातून आत गेले की डाव्या हाताला जुन्या धाटणीचे एक अग्निशमन केंद्र दिसते. खाली बंब ठेवण्याची जागा आणि वरच्या मजल्यावर पडदे लावलेली एक खिडकी. त्या खिडकीत एक दिवा तेवत असतो. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. मुलांचे हात धरून सारे पुढच्या राजवाड्याकडे धावतात. उद्यान उभे राहत असताना वॉल्ट डिस्नी त्या खिडकीमागच्या लहानशा घरात मुक्काम करत. दिवा लागलेला दिसला की मालक आत आहेत, हे कामगारांना समजे. १५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्नी गेले. दिवा मात्र विझवला गेला नाही. आपल्याकडे देवघरात नंदादीप तेवत ठेवतात, त्याच जातीची ही भावना. फरक इतकाच, की हा दिवा एका कंपनीने जपला आहे आणि तिकीट काढून आलेल्यांनाच तो पाहता येतो.

संस्थापकाचे नाव मिरवणारी मनोरंजन उद्याने अमेरिकेत आणखीही आहेत. पेनसिल्व्हेनियात चॉकलेटवाले मिल्टन हर्शी यांनी १९०६ साली आपल्या कारखान्यातील कामगारांसाठी उद्यान उघडले; ते आजही त्यांच्याच नावाने चालते. परंतु एका माणसाची स्मृती त्याच्याच नावाच्या जागेत कशी जपली जाते, कशी बदलत जाते आणि कधी कधी कशी घासूनपुसून गुळगुळीत केली जाते, हे डिस्नीलँडइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

अग्निशमन केंद्रापासून थोडे पुढे गेले की ‘मेन स्ट्रीट’ लागते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन गावातील बाजारपेठेची ही प्रतिकृती. तिच्या दुकानांच्या वरच्या खिडक्यांवर नावे रंगवलेली आहेत. एखाद्या पेढीची पाटी असावी तशी ती दिसतात; प्रत्यक्षात ती उद्यान घडवणाऱ्या माणसांची नावे आहेत. चित्रपटाच्या आरंभी श्रेयनामावली यावी, तशी ही रस्त्यावरची श्रेयनामावली. त्यांतल्या एका खिडकीवर एलायस डिस्नी या कंत्राटदाराचे नाव असून व्यवसायाच्या स्थापनेचे साल १८९५ दिले आहे. एलायस हे वॉल्ट यांचे वडील. उद्यानाच्या उभारणीशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. ते उघडण्याच्या चौदा वर्षे आधीच ते वारले होते. तरीही मुलाने त्यांना खिडकी दिली.

या खिडकीमागे मोठी कहाणी आहे. एलायस शिकागोत सुतारकाम करत आणि लहानमोठी कंत्राटे घेत. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, म्हणून आपल्याला ते परिचित आहे. त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर एलायस रोजंदारीने सुतारकाम करत होते. काही महिन्यांसाठी उभी राहिलेली ती पांढरीशुभ्र मायानगरी बांधणाऱ्या असंख्य हातांपैकी दोन हात त्यांचे. ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोतच वॉल्टचा जन्म झाला. चार भाऊ आणि एक बहीण अशा पाच भावंडांत तो चौथा.

१९०६ मध्ये कुटुंब मिसुरी राज्यातील मार्सेलिन या लहानशा गावी शेती करायला गेले. वॉल्टच्या आयुष्यातील सुखाची म्हणता येतील अशी बालपणीची वर्षे तीच. आगगाडी जाणारे गाव, सफरचंदांची झाडे, जनावरे आणि छोटीशी बाजारपेठ. पण एलायस यांना शेती साधली नाही. थोरली दोन मुले बापाच्या शिस्तीला कंटाळून घर सोडून गेली. अखेर शेत विकून कुटुंब कॅन्सस सिटीत आले आणि एलायस यांनी वर्तमानपत्रे वाटण्याचा ठेका घेतला. रॉय आणि धाकटा वॉल्ट हे भाऊ पहाटे साडेतीनला उठून, गुडघाभर बर्फ तुडवत दारोदार अंक टाकत. या कामाचा पैसा बापाच्या हाती जाई. थकून शाळेत बाकावरच पेंगणाऱ्या वॉल्टची ती सहा वर्षे पुढे आयुष्यभर त्याच्या स्वप्नांत येत राहिली; कुठल्यातरी घरी अंक टाकायचा राहिला, या धास्तीने तो मोठेपणीही दचकून जागा होई.

बाप कठोर होता, हातचा राखून खर्च करणारा होता आणि बहुतेक धंद्यांत अपयशी ठरला होता. अशा बापाचे नाव मुलाने उद्यानाच्या दर्शनी रस्त्यावर का लिहावे? क्षमा म्हणावी, तर ती इतक्या सोप्या शब्दात बसत नाही. १९३८ मध्ये, यश हाती आल्यावर, मुलांनी आईवडिलांसाठी घर घेऊन दिले. त्या घरातील भट्टीचा विषारी वायू कोंडून आईचा मृत्यू झाला. ते दुःख वॉल्ट यांच्या तोंडून फारसे कधी बाहेर आले नाही. वडील १९४१ मध्ये गेले, तेव्हा ते दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होते आणि अंत्यसंस्कारांनाही आले नाहीत. मला वाटते, त्या खिडकीवरचे अक्षर न् अक्षर राहून गेलेल्या भेटीसारखे आहे.

मधल्या काळातील हकिगत सर्वपरिचित आहे. १९२३ मध्ये कॅन्सस सिटीतील छोटी कंपनी बुडाली आणि एकविसाव्या वर्षी वॉल्ट सुटकेस घेऊन लॉस एंजेलिसला आले. तेथे त्यांनी रॉयसोबत स्टुडिओ काढला. १९२८ मध्ये वितरकाने त्यांची लोकप्रिय ससा-व्यक्तिरेखा आणि बहुतेक चित्रकार पळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस मिकी माऊस पडद्यावर आला. १९३७ मध्ये ‘स्नो व्हाइट’ने इतिहास घडवला. १९४१ मध्ये त्यांच्याच चित्रकारांनी संप पुकारला. हा संप डिस्नींच्या जिव्हारी लागला आणि त्या कटुतेने त्यांचा स्वभावही पालटला. स्टुडिओतील जिव्हाळ्याचे दिवस संपले. यानंतर कागदावरच्या चित्रांपेक्षा हाताला लागतील अशा वस्तूंकडे त्यांचे मन ओढले जाऊ लागले. घराच्या आवारात त्यांनी वाफेवर चालणारी छोटी आगगाडी बांधली आणि तिच्यावर बसून पाहुण्यांना फिरवू लागले.

उद्यानाची कल्पना मात्र त्याहून साध्या ठिकाणी रुजली. रविवारी ते आपल्या दोन मुलींना, डायेन आणि शॅरन यांना, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात. मुली लाकडी घोड्यांवर बसत आणि बाप बाकावर बसून शेंगा खात राही. मुलांबरोबर मोठ्यांनाही रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या कंटाळ्यातून निघाला. हिशेबी रॉय यांना ही कल्पना पटण्यासारखी नव्हती. डिस्नींनी विम्यावर कर्ज काढले, वेगळी कंपनी थाटली. १९५३ च्या सप्टेंबरात चित्रकार हर्ब रायमन यांच्याकडून शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत उद्यानाचे विहंगम चित्र काढून घेतले आणि ते चित्र घेऊन रॉयच न्यूयॉर्कला पैसे उभे करायला गेले. भावाचे न पटलेले स्वप्न विकण्याचे काम पुन्हा त्यांच्याच वाट्याला आले. अखेर एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पैसे दिले. मोबदल्यात डिस्नींनी दर आठवड्याला कार्यक्रम करून देण्याचे कबूल केले.

ॲनाहाइममधील १६० एकरांची संत्र्यांची बाग तोडून अवघ्या वर्षभरात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून डिस्नीलँड उभे राहिले. १७ जुलै १९५५ चा उद्घाटनाचा दिवस कर्मचाऱ्यांच्या आठवणीत काळा रविवार म्हणूनच राहिला. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे गर्दी आवरेना. नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतू लागल्या. नळजोडणी कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडेच राहिले. तरीही पहिल्या दोन महिन्यांतच दहा लाख लोक येऊन गेले.

खिडक्यांकडे पुन्हा वळू. डिस्नी हयात असताना सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे. दीर्घ सेवेनंतर एखाद्या कर्मचाऱ्याला खिडकी मिळणे हा तेथे मोठा मान समजला जातो. पण श्रेयनामावलीत गाळलेली नावेही वाचावी लागतात. उद्यानाची जागा शोधण्यापासून ते वेळेत उघडण्यापर्यंत पहिले व्यवस्थापक सी. व्ही. वुड यांचा वाटा फार मोठा होता. १९५६ च्या आरंभी त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या नावाची खिडकी मेन स्ट्रीटवर नाही.

डिस्नी गेले तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. फुप्फुसाचा कर्करोग. त्यांचे पार्थिव गोठवून ठेवल्याची अफवा आजही फिरते. प्रत्यक्षात दोन दिवसांत दहन झाले. या वेळी फ्लोरिडात सत्तावीस हजार एकरांहून अधिक जमीन घेऊन झाली होती. भाव चढू नयेत म्हणून ती बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप खरेदी करण्यात आली होती. तेथे त्यांना केवळ दुसरे उद्यान नको होते. माणसे जिथे राहतील आणि काम करतील असे भविष्यातील नगर, ‘एपकॉट’, वसवायचे होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलली आणि भावाचे काम खांद्यावर घेतले. प्रकल्पाचे ठरलेले नाव ‘डिस्नी वर्ल्ड’ असे होते. त्यात त्यांनी एकच शब्द घातला आणि ते ‘वॉल्ट डिस्नी वर्ल्ड’ केले. डिस्नी ही कंपनी आहे हे लोकांना ठाऊकच असणार, पण ती एका माणसाची होती, हे त्यांनी विसरू नये, एवढीच त्यामागची इच्छा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते उघडले आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला रॉय गेले. माझ्या लेखी संस्थापकाला मिळालेला सर्वांत मोठा सन्मान या एका शब्दात आहे. त्याला ना संगमरवर लागला, ना ब्राँझ.

नगर मात्र झाले नाही. १९८२ मध्ये एपकॉट उघडले ते आणखी एक उद्यान म्हणून. नाव ठेवले, स्वप्न वगळले. स्मारकांच्या बाबतीत हे आपल्याकडेही काही नवलाचे नाही.

पुतळा आला तो सत्तावीस वर्षांनी. शिल्पकार ब्लेन गिब्सन हे डिस्नींबरोबर काम केलेले, त्यांचा चेहरा ओळखणारे. १९९३ मध्ये त्यांनी केलेला ब्राँझचा पुतळा डिस्नीलँडच्या राजवाड्यासमोर उभा राहिला. डिस्नींनी डाव्या हाताने मिकीचा हात धरला आहे आणि उजवा हात समोर मेन स्ट्रीटकडे उचलला आहे. आपल्या चौकांतील पुतळे उंच चौथऱ्यांवर अश्वारूढ असतात. येथे चौथरा बुटका असून भोवती फुलझाडे आहेत. पुढे फ्लोरिडात आणि टोकियोतही त्याच्या प्रतिकृती गेल्या. रॉय यांचाही पुतळा आहे, बाकावर मिनीच्या शेजारी बसलेला. दोन्ही पुतळे देखणे आहेत. पण जन्मभर सिगारेट ओढून फुप्फुसे जाळून घेतलेल्या माणसाच्या बोटांत येथे काहीच नाही. उद्यानांत लावलेल्या त्यांच्या कित्येक छायाचित्रांतूनही सिगारेट खोडून टाकली आहे आणि दोन बोटे रिकामीच उरली आहेत. मुलांच्या जागेत हे समजण्यासारखे आहे. तरी खोकत येणारा, चटकन संतापणारा, कर्मचाऱ्यांना धाकात ठेवणारा आणि पहाटे बागेत एकट्यानेच फेरी मारणारा तो खरा माणूस त्या खोडलेल्या धुराबरोबर थोडा थोडा नाहीसा होत गेला. ही जाणीव त्यांची थोरली मुलगी डायेन यांना तीव्रतेने झाली होती. वडिलांचे नाव केवळ व्यापारचिन्ह उरू नये, या तळमळीने त्यांनी २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वतंत्र संग्रहालय उघडले. ते उद्यानात नाही आणि कंपनीचेही नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत वादग्रस्त सन्मान. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नींनी एक अचाट प्रयोग केला होता. यंत्राने हालचाल करणारा अब्राहम लिंकन यांचा पुतळा खुर्चीतून उठून भाषण करी आणि लोक थक्क होत. मेलेल्या राष्ट्राध्यक्षाला उभे करणे शोभते का, असे त्या वेळीही काहींना वाटले. पुढच्याच वर्षी लिंकन डिस्नीलँडमधील मेन स्ट्रीटच्या नाट्यगृहात आले. १७ जुलै २०२५ रोजी, उद्यानाच्या सत्तरीच्या दिवशी, त्याच नाट्यगृहात यंत्रमानव डिस्नी बोलू लागले. पापण्या लवतात, हात हलतात, आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांतला. त्यांच्या एका नातीने याला जाहीरपणे विरोध केला. आजोबांना यंत्र बनवणे म्हणजे त्यांच्यातले माणूसपण काढून घेणे, अशी तिची भावना होती. कंपनीचे म्हणणे असे, की नव्या पिढीला त्यांची ओळख व्हावी. लिंकनना ज्याने उठवले, त्याला आता दुसऱ्यांनी उठवले. याला काव्यात्म न्याय म्हणायचे, की मृताच्या संमतीचा प्रश्न, हे मी ठरवू शकलेलो नाही. दोन्ही बाजूंना डिस्नींचा आधार देता येतो, हीच अडचण आहे.

याच नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात अनेक वर्षे एक साधा हिरवा बाक मांडलेला लोकांनी पाहिला आहे. तो ग्रिफिथ पार्कमधून आणलेला आहे. मुली लाकडी घोड्यांवर फिरत असताना त्यांचा बाप ज्यावर बसून वाट पाहत असे, त्या बाकांपैकी हा एक.